नामकथा : शिवाजी

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ देवीचे मंदिर आहे. 3 ऑक्टोबर 1677 रोजी शिवाजी महाराज वेष पालटून या देवीच्या दर्शनाला आले होते, असे तेथील परंपरा सांगते. महाराज तेव्हा दक्षिण दिग्विजयावर होते. त्याच वर्षी त्यांचा माणूस विषावरचे उतारे मागायला मद्रासच्या इंग्रजांकडे गेला होता आणि इंग्रजांनी ती औषधे पैसे न घेता पाठवली होती.

योगायोग असा, की या नावाचा उगमही देवीपाशीच आहे. जिजाबाईंनी शिवनेरीवरील शिवाई देवीला नवस केला आणि 19 फेब्रुवारी 1630 रोजी जन्मलेल्या मुलाला तिचेच नाव दिले, असे परंपरेने मानले जाते. ‘शिव’ म्हणजे मंगल, कल्याणकारी. पुढचा ‘जी’ आदराचा. मालोजी, शहाजी, तानाजी, येसाजी या नावांतही तो आहे. मात्र तो नावात इतका मुरला, की आदर दाखवायला पुन्हा ‘राव’ जोडून ‘शिवाजीराव’ म्हणावे लागते!

तमिळनाडूत मात्र ‘शिवाजी’ म्हटले, की अनेकांना आधी एक नट आठवतो. व्ही. सी. गणेशन या तरुणाने सी. एन. अण्णादुराई यांच्या नाटकात महाराजांची भूमिका केली. राज्याभिषेकाला झालेला विरोध हा त्या नाटकाचा विषय. गणेशन यांचा अभिनय पाहून पेरियार रामस्वामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि ते कायमचे शिवाजी गणेशन झाले. 1952 मध्ये ‘पराशक्ती’ या पहिल्या चित्रपटाने ते घरोघरी पोहोचले. 2001 मध्ये त्यांचे निधन झाले, तरी नाव लोकांच्या तोंडी आहे.

याच्या अगदी उलट गोष्ट एका मराठी मुलाची. 12 डिसेंबर 1950 रोजी बंगळूरच्या एका मराठी कुटुंबात मुलगा जन्मला. आईवडिलांनी हौसेने नाव ठेवले शिवाजीराव गायकवाड. पण 1975 मध्ये दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला पडद्यावर आणताना नाव दिले रजनीकांत. शिवाजी गणेशन यांच्यासारखा बडा नट असताना दुसरा शिवाजी कसा चालणार? 1999 च्या ‘पडयप्पा’मध्ये हे दोघे पितापुत्र म्हणून एकत्र आले. एकाला शिवाजी नाव कमाईतून मिळालेले, तर दुसऱ्याने जन्माचे नाव मागे ठेवलेले. पुढे 2007 मध्ये रजनीकांत यांच्या चित्रपटाचेच नाव ‘शिवाजी’ होते.

बारशाला आत्या कानात नाव सांगते, तेव्हा ते नुसते नावच असते. त्याला अर्थ येतो तो पुढच्या वागण्याने. मुलाचे नाव शिवाजी ठेवणाऱ्या आईवडिलांनी त्याला महाराजांचा पराक्रम तर सांगावाच, पण ‘शिव’ या शब्दाचा अर्थही जरूर सांगावा. इतरांचे कल्याण करणे हे तलवार चालवण्याहून सोपे नाही.