अलास्काची सफर : जहाज कोणते, खोली कोणती?

लोणावळ्याचे धुके आणि मावळचा पाऊस अंगवळणी पडलेल्या कुटुंबाला अलास्काच्या ओलसर थंडीचे भय वाटू नये. चिंता असते ती वडीलधाऱ्यांच्या आहाराची व विश्रांतीची; म्हणून जहाज निवडताना प्रथम त्यांचाच विचार करावा.

तेथील हंगाम साधारण मे ते सप्टेंबर. चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या घरांना मे महिना व जूनचा पूर्वार्ध सोयीचा. मुलांना सुट्टीही असते. जूनमध्ये जुनो येथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास होतो, त्यामुळे चौविहार सहज पाळता येतो. कंदमुळे, कांदा, लसूण वर्ज्य असल्याचे मात्र आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे व लेखी होकार घ्यावा. 'शाकाहारी' या एका शब्दावर विसंबू नये.

मोठे जहाज कमी डोलते, लहान जहाज अरुंद खाड्यांत शिरते. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना प्रवेश असतो; म्हणून पैसे भरण्यापूर्वी जहाजाचा मार्ग तपासावा.

खोली जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात. खर्च आवरायचा असेल, तर सज्जाची एकच खोली घेऊन ती आजी-आजोबांना द्यावी. नातवंडांना समोरची बिनखिडकीची चालते. मुले हिमनदी पाहायला डेकवर धावतील. आजींना ती खुर्चीत बसूनच दिसली पाहिजे.