बिल्डरची पत कोण तपासणार?

उधारीवर माल देताना आपला व्यापारी फार सावध असतो. भिवंडीचा यंत्रमागवाला नव्या पार्टीला कापडाचे चार ताके देण्यापूर्वी बाजारात दहा जणांना विचारतो. तोच माणूस आयुष्याची कमाई घालून गाळा बुक करतो तेव्हा मात्र ‘आपलाच माणूस आहे, हाजी आहे, मस्जिदीला देणगी देतो’ एवढे त्याला पुरते. एकाने दुसऱ्याबद्दल ग्वाही दिली तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी त्याला विचारले होते की, तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्याबरोबर प्रवास केलास काय, पैशाचा व्यवहार केलास काय? केवळ मस्जिदीत पाहिले असणे त्यांनी पुरेसे मानले नाही, असे सांगितले जाते.

आपल्या बाबतीत धोका थोडा जास्तच आहे. व्याज टाळायचे म्हणून अनेकजण बँकेचे कर्ज घेत नाहीत. ते योग्यच आहे. परंतु कर्ज देणारी बँक स्वतःच्या पैशासाठी का होईना, वकिलाकडून जमिनीचे टायटल तपासते आणि बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडते. रोख खरेदीदारासाठी हे काम करणारा कोणीच नसतो. ते त्यानेच करायचे असते, आणि नेमकी तिथेच वकिलाची फी वाचवली जाते!

‘रेरा नंबर आहे ना’ असे लोक म्हणतात. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्या दाखवून 65 इमारतींची रेरा नोंदणी झाल्याचे उघड झाले. राहायला गेलेल्या कुटुंबांवर घर पाडले जाण्याची टांगती तलवार आली. म्हणून परवानगीची प्रत घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागातच खात्री करावी. शिवाय 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्तीच नाही. आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी इमारती याच मापाच्या असतात.

नोंदणी असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर मुदत किती वेळा वाढली, किती गाळे विकले गेले आणि काम कुठवर आले, हे पाहता येते. बहुतेक विक्री झालेली आणि काम पायाशीच थांबलेले असेल, तर पैसा कुठे गेला हे विचारलेच पाहिजे. नोएडातील आम्रपालीच्या प्रकरणात ग्राहकांचा पैसा दुसरीकडे वळवल्याचे लेखातपासणीत दिसले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2019 मध्ये कंपनीची नोंदणी रद्द करून अपुरे बांधकाम सरकारी एनबीसीसीकडे सोपवले.

ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती जमीन व बांधकामावरच खर्च करावी, असे 2016 चा कायदा सांगतो. पण ‘थोडे व्हाइट, थोडे कॅश’ केले की कॅश त्या खात्यात जातच नाही, आणि उद्या परतावा मागताना ती दिली होती हे सिद्धही करता येत नाही. नोंदणीकृत करारनाम्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणे तर कायद्यालाच मंजूर नाही. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने सूरह बकराच्या 282 व्या आयतीत, सर्वांत लांब आयतीत, दिली आहे. त्याच कुरआनवर श्रद्धा ठेवणारे आपण साध्या चिठ्ठीवर लाखो रुपये देतो.

ताळेबंद वाचता येत नसेल तर बाजार वाचावा. सिमेंट-सळईवाल्याची बिले वेळेवर मिळतात काय? सेंट्रिंगवाला मध्येच काम सोडून गेला काय? जमीन गहाण आहे काय, आणि असेल तर कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र कुठे आहे? आधीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले काय? एकाच वेळी चार ठिकाणी पाया खणणाऱ्यापासून जरा दूरच राहावे.

‘पूर्ण रक्कम आज द्या, ताबा मिळेपर्यंत दरमहा ठरावीक भाडे देतो’ ही ऑफर तर दोनदा तपासावी. गाळा उभाच नाही, मग भाडे कशाचे? ते व्याज ठरते काय, हे उलेमांना विचारावे. व्यापारी म्हणून एवढे निश्चित कळते की, ज्याला बँक पैसे देत नाही तोच अशी उचल मागत फिरतो.

ताबा वेळेवर मिळाला नाही तर रक्कम परत मागण्याचा हक्क कायद्याच्या कलम 18 मध्ये आहे. आदेश मिळतो, वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तोपर्यंत बिल्डरच्या नावावर काही शिल्लक राहिले नसेल, तर जप्त कशावर आणायची?