रात्री बाराची गाडी कोणासाठी?

"मुलींना गरब्याहून घरी सोडायला तुम्ही गाडी काढणार म्हणे? मग उद्या गुत्त्यावरही सोडा!" २०२४ च्या नवरात्राआधी आमच्या गटाच्या बैठकीची बातमी गावात पसरली, तेव्हा एका सद्गृहस्थांनी मला अमळनेरच्या भर बाजारात हे ऐकवले. त्यांचे मला फारसे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते आपल्याच एका मैत्रिणीचे. ती म्हणाली, "प्रायोजकांच्या फलकाखाली नाचणाऱ्या मुलींची सोय करणे हे चळवळीचे काम आहे का? कष्टकरी बायांचे प्रश्न संपले का?"

मला भांडायचे आहे ते या दोघांशीही. कारण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली होती, की आमच्यासारख्या गावात रात्री बाहेर असते ती मजा करायला निघालेली बाई.

गाडी म्हणजे भाड्याची तेरा आसनी ट्रॅव्हलर. रात्री साडेदहा, साडेअकरा आणि साडेबारा अशा तीन फेऱ्या. पैलाड, ताडेपुरा, ढेकू रोड आणि शेवटची फेरी मंगरूळपर्यंत. पहिल्या दोन रात्री ती जवळजवळ रिकामीच फिरली. गरबा खेळणाऱ्या मुलींना न्यायला बाप, भाऊ, चुलते फाटकाबाहेर मोटारसायकली लावून उभेच होते. (त्यांना त्याबद्दल कृतज्ञ राहायला शिकवले जाते, हा वेगळा विषय.) आमचे हसे होणार, असे वाटू लागले.

तिसऱ्या रात्री गाडीत बसल्या त्या कोण? मंडपामागे भजी तळणारी. चहाचे पेले विसळणाऱ्या दोघी जावा. घागरे भाड्याने देणाऱ्या दुकानात परत आलेले कपडे मोजून घेणारी मुलगी. एका खासगी दवाखान्यातली आया, जिची पाळी आठला संपते असे कागदावर लिहिलेले आहे. मी विचारले, "आजवर घरी कशा जात होता?" जावा अंधारातून पायी जात. भजीवाली मंडपातच पोत्यांवर अंग टाकी आणि उजाडल्यावर निघे. घागऱ्याच्या दुकानातली मुलगी काहीच बोलली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. मीही पुन्हा विचारले नाही.

आपल्या मैत्रिणीने ज्या कष्टकरी बाया शोधायला मला सांगितले होते, त्या या. त्या गरब्यातच होत्या, फक्त कनातीच्या मागच्या बाजूला. एकाची करमणूक ही दुसरीची पाळी असते, आणि ती पाळी नाच थांबल्यावर लगेच संपत नाही. भांडी उरतात.

सरकारला रात्र कळत नाही असे नाही. ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. पण सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ती वेळ बारापर्यंत वाढवू शकते. भोंग्यासाठी दोन तासांचा हिशेब झाला. त्या दोन तासांनंतर भांडी घासून निघणाऱ्या बाईचा हिशेब कोणी केला? मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, चांगलेच आहे. पण ज्या वेळेला गाडीच नाही, त्या वेळेचे अर्धे तिकीट घेऊन करायचे काय? मुंबईत जानेवारी २०२० मध्ये मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हाही वाद रंगला तो दारूचा आणि पोलिसांवरच्या ताणाचा. पहाटे तीनला बशा धुऊन निघणारीचा नाही.

कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला बंदी होती. आमच्या प्रताप मिलची रात्रपाळी त्यामुळे पुरुषांची. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली ही बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईच्या संमतीने कामाची मुभा दिली, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची अट मालकावर घातली. वाचून बरे वाटते. पण तो कायदा आला तोच मुळी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी. भज्यांची कढई ही आस्थापना नव्हे. केटररकडे रोजाने पोळ्या लाटणारीचे नाव कुठल्या हजेरीपटावर आहे? तिला रात्री काम करायला कोणी बंदी केली नव्हती आणि मुभाही दिली नव्हती. तिला कोणी मोजलेच नव्हते.

आता आमच्या गाडीकडे येते. आम्हाला वाटले होते, दहा-दहा रुपये घेऊ, डिझेल निघेल. १९८८ चा मोटार वाहन कायदा आडवा आला. कंत्राटी परवान्याच्या गाडीने ठिकठिकाणी थांबून एकेकीकडून तिकीट घ्यायचे नाही. ती टप्पा वाहतूक होते आणि तिचा परवाना निराळा. दिवसा काळी-पिवळीत माणसे कशी कोंबलेली असतात ते खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आम्ही नियम पाळायचे ठरवले. पावतीपुस्तक छापून वर्गणी जमवली आणि गाडी फुकट ठेवली. परिणाम असा, की ती स्वतःच्या पायावर कधीच उभी राहणार नव्हती.

दुसरे भांडण नोंदवहीचे. एका मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "ताई, आमचा पाठिंबा आहे. फक्त यादी ठेवा. नाव, वडिलांचे नाव, कुठे बसली, कुठे उतरली." गटातल्या दोघींनाही ते पटले. समाजकार्याचे शिक्षण घेताना नोंद ठेवणे माझ्याही हाडीमाशी खिळले आहे. तरी मी विरोध केला. ती वही आठ दिवसांत बापांच्या आणि नवऱ्यांच्या हातात गेली असती, आणि आमची गाडी म्हणजे चाकांवरची सासू झाली असती. हिशेब द्यायचा तो गाडीने द्यावा. म्हणून आम्ही गाडीचा नंबर, ड्रायव्हरचे नाव आणि वेळापत्रक मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिले, त्याची प्रत पोलीस ठाण्यात दिली आणि दर रात्री आमच्यातली एक शेवटपर्यंत गाडीत बसली. बाई कुठून आली, हे विचारायचे नाही असे ठरले.

गाडी आली की बाई सुरक्षित झाली, असा माझा भाबडा समज नाही. अमळनेरात १९४५ साली तेलाच्या कारखान्याने जिची सुरुवात झाली त्या विप्रोच्या पुण्यातल्या बीपीओत काम करणारी २२ वर्षांची मुलगी १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पाळीवर जायला निघाली. न्यायला आलेल्या कंत्राटी गाडीच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. वाहन होते, पाळी होती, वेळ ठरलेली होती.

म्हणून पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी आमच्यावर संशय घेतला तेव्हा मला त्यांचेच बरोबर वाटले. चौथ्या रात्री त्यांनी विचारले, "गाडी आमना गावले जाई का? पैसा कितला?" मी म्हटले, "काहीच नाही, मावशी." त्या दोन पावले मागे सरल्या. "फुकट? इतली रातले?" आणि सरळ चालू लागल्या. पाचव्या रात्री त्या दहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. त्याने पाटीवरचा नंबर मोठ्याने वाचला, पेनने तळहातावर लिहिला, मगच दोघे चढले. सहाव्या रात्री त्याने पुन्हा लिहिला. सातव्या रात्री मावशी एकट्या आल्या.

नवव्या रात्री उतरताना त्या दाराला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गरबा सरना. आते लगीनसराई. मंग गाडी कव्हय येई?"

पावतीपुस्तकाचा हिशेब माझ्याच पिशवीत होता. डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता देऊन शंभरही रुपये उरले नव्हते. "बघते, मावशी," एवढेच मी म्हटले, आणि ड्रायव्हरने गाडी वळवली.