द्यूतसभेतील कौशल्य

२०२५च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन आटोपल्यावर एक चित्रफीत राज्यभर फिरली. विधान परिषदेच्या सभागृहात बसलेले तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या हातातील मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसत होता. आपण रमी खेळत नव्हतो, पडद्यावर आलेली जाहिरात दूर करीत होतो, असा खुलासा त्यांनी केला. विरोधकांनी राजीनामा मागितला, वाहिन्यांना आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला आणि महिनाअखेरीस त्यांच्याकडील कृषी खाते जाऊन क्रीडा व युवक कल्याण खाते आले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याला फासे टाकून शेतीकडे वळण्याचा उपदेश आहे. महाराष्ट्रात प्रवास नेमका उलट दिशेने झाला, असे कोणी म्हटले तर त्यास फारसे उत्तर देता येणार नाही.

परंतु थट्टेच्या या धुराळ्यात मूळ प्रश्न बाजूला पडला. मंत्र्यांचा खुलासा शब्दशः खरा मानला, तरी त्यातून एक गोष्ट सिद्ध होतेच. रमीची जाहिरात विधिमंडळाच्या सभागृहातही येऊन पोहोचते. ती कोणाच्याही घरी, कोणत्याही वेळी, न बोलावता येते. सातवीतील मुलाच्या हाती अभ्यासासाठी दिलेल्या मोबाइलवर येते आणि निवृत्तिवेतनाची रक्कम खात्यात जमा झालेल्या आजोबांच्या मोबाइलवरही येते. ज्या खेळाडूंची छायाचित्रे मुलांनी भिंतीवर लावली, त्यांचेच चेहरे वर्षानुवर्षे या जाहिरातींत झळकत होते. कोपऱ्यात बारीक अक्षरांत आणि अतिवेगाने उच्चारलेल्या वाक्यात ‘जोखीम आहे, जबाबदारीने खेळा’ असा इशाराही असे. तो ऐकू येऊ नये अशीच त्याची रचना होती.

या घटनेनंतर महिन्याभरातच संसदेने ऑनलाइन खेळांचे संवर्धन व नियमन करणारा कायदा संमत केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ला राज्यसभेत आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती, असा त्याचा वेग होता. पैसे लावून खेळावयाचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने निषिद्ध ठरविला. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात आहे. देशातील सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत दरवर्षी जवळजवळ २० हजार कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारच्या वतीने सांगण्यात आला. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी काही दिवसांतच पैशांचे डाव थांबविले. भारतीय क्रिकेट संघ तर सप्टेंबरमधील आशिया चषक स्पर्धेत छातीवर मुख्य प्रायोजकाचे नाव न मिरविताच उतरला, कारण आधीचा प्रायोजक याच धंद्यातला होता.

‘कौशल्याचा असो वा नशिबाचा’ हे शब्द सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटतील. खरी लढाई मात्र त्याच शब्दांवर आहे.

ही लढाई जुनी आहे. १८८७ सालच्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळाला सूट दिली होती. पुढे सिकंदराबाद येथील एका क्लबवर पोलिसांनी छापा घालून रमी खेळणाऱ्यांना पकडले, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ मध्ये न्यायालयाने रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते पान धरावे आणि कोणते टाकावे याचा विचार करावा लागतो, म्हणून तो तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, असे ते तर्कशास्त्र होते. ऑनलाइन रमीचा सारा डोलारा या एका निकालावर उभा राहिला. त्याच निकालात पुढे आणखी एक मुद्दा आहे. क्लबचा चालक पैसे लावून चाललेल्या खेळातून नफा कमावीत असल्याचा पुरावा असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असेही न्यायालयाने म्हटले होते. कंपन्यांच्या नामवंत वकिलांनी पहिला भाग शिरोधार्य मानला. दुसऱ्याचा उच्चार मात्र त्यांच्याकडून क्वचितच ऐकू आला. आणि प्रत्येक डावामागे आपला वाटा कापून घेणारी कंपनी म्हणजे नफा कमावणारा क्लबचालक नव्हे, तर दुसरे काय?

त्याहीपूर्वी, १९५७ मध्ये, मुंबई राज्याचा एक खटला सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. बंगळूरहून निघणाऱ्या एका नियतकालिकातील बक्षिसांच्या शब्दकोड्यांवर मुंबई सरकारने कर बसविला आणि प्रवर्तक न्यायालयात गेले. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्या निकालपत्रात अक्षसूक्ताचा आणि महाभारताचा दाखला देऊन, जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून व्यापारस्वातंत्र्याचे घटनात्मक संरक्षण त्यास मिळू शकत नाही, असे ठरविले. स्वतंत्र भारताच्या न्यायपीठाने या भूमीच्या प्राचीन अनुभवाला पुरावा म्हणून उभे केले, ही गोष्ट आजच्या वादात पुन्हा स्मरावी अशी आहे.

त्या अनुभवाकडे थोडे बारकाईने पाहिले तर कौशल्याच्या युक्तिवादाचे उत्तर तेथेच सापडते. हस्तिनापुरातील द्यूत हा निव्वळ नशिबाचा खेळ असल्याचे महाभारत कोठेच सांगत नाही. पण दुर्योधनाने लावला, फासे मात्र शकुनीने टाकले. कारण शकुनी त्या विद्येत निष्णात होता आणि युधिष्ठिराला खेळण्याची हौस असली तरी गती नव्हती. फाशांचे शास्त्र असते हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. नलराजाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकूनच गेलेले राज्य परत मिळविले आणि वनवासात युधिष्ठिरालाही बृहदश्व ऋषींनी ती विद्या दिली. म्हणजे त्या सभेत जे घडले ते कौशल्याच्या खेळात घडले. एका बाजूला कौशल्य आणि दुसऱ्या बाजूला केवळ हौस असेल, तर तो खेळ नशिबाच्या खेळापेक्षा अधिक घातक ठरतो. नशीब कधीतरी दोन्ही बाजूंना फिरते, कौशल्य फिरत नाही. आजचा युधिष्ठिर रात्री अकरा वाजता उशाशी मोबाइल घेऊन कोणाशी खेळतो, समोरचा माणूस आहे की यंत्र, हेसुद्धा त्याला कळायला मार्ग नसतो.

त्या सभेत आणखी एक पात्र आहे, ज्याची चर्चा कमी होते. धृतराष्ट्र डाव चालू असताना ‘काय जिंकले, काय जिंकले’ असे विचारीत होता. हा प्रश्न राज्यसंस्थेने स्वतःलाही लावून पाहिला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३पासून या खेळांत लावल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जाऊ लागला. कर वाढवून व्यसन आवरेल असे तेव्हा सांगितले गेले. व्यसन आवरले असते तर दोन वर्षांच्या आत बंदीची वेळ आली नसती. दरम्यान तिजोरीत भर पडत राहिली. महाराष्ट्राचा इतिहास याहून निराळा नाही. मुंबईत कापसाच्या दरांच्या आकड्यांवर पैसे लावण्यातून मटका फोफावला आणि गिरणी कामगारांच्या पगाराचा मोठा वाटा त्यात गेला. त्याला आळा घालण्याचा एक हेतू सांगून १९६९ मध्ये राज्य सरकारची स्वतःची लॉटरी सुरू झाली. मटका संपला नाही, लॉटरीही राहिली. शेजारच्या गोव्यात १९७६च्या जुगार कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. विरोधात असताना त्या हलविण्याची भाषा करणारे पक्ष सत्तेत आल्यावर मौन पाळतात, हे गोमंतकीय वाचकास सांगावयास नको. महाराष्ट्राने १९७६ सालचाच, कधी अमलात न आलेला कॅसिनो कायदा २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय घेतला, तो त्या मानाने सरळ आणि स्तुत्य होता.

आता गुन्हा आणि शिक्षेकडे वळू. जिल्हा पानांवरील एक बातमी सर्वांच्या परिचयाची आहे: अमुक शिवारात जुगार अड्ड्यावर छापा, इतके जण ताब्यात, पत्त्यांचे कॅट, रोख रक्कम आणि दुचाक्या जप्त. पकडले जातात ते बाभळीच्या झाडाखाली चादर पसरून बसलेले मजूर आणि शेतकरी. त्याच गावात, त्याच रात्री, पांढरपेशा तरुण पलंगावर पडून त्याच्या दसपट रक्कम घालवीत असे, तेव्हा तो कायद्याच्या लेखी ‘कौशल्य’ दाखवीत असे. नव्या कायद्याने ही विसंगती पुष्कळशी दूर केली आहे. त्याने शिक्षा चालकाला, जाहिरातदाराला आणि पैशाची वाट मोकळी करणाऱ्याला ठेवली, खेळणाऱ्याला नाही. ही भूमिका योग्य आहे. कर्जात बुडालेल्या मुलाला पोलीस ठाण्यात नेऊन बसविल्याने त्याचे घर सावरत नाही; उलट तो उरलीसुरली गोष्टही लपवू लागतो.

मग बाभळीखालच्या मजुराला निराळा न्याय का, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. १८८७च्या कायद्याचे पुनरावलोकन त्या दृष्टीने कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. मजुरांची शिष्टमंडळे मंत्रालयात जात नाहीत, हे त्याचे एक कारण असावे.

बंदी म्हणजे निर्मूलन नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने सट्ट्याची २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद केली, त्यांत महादेवाचे नाव धारण करून चाललेले एक कुप्रसिद्ध ॲपही होते. सट्ट्याला देवाचे नाव देण्याची निर्लज्जता एक वेळ बाजूला ठेवू. पण असे व्यवहार परदेशात बसून, भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांतून चालतात आणि एक दार बंद झाले की नाव बदलून दुसरे उघडतात. तपास करावयाचा तो तालुक्याच्या पोलीस ठाण्याने, जेथे सायबर विषय जाणणारा हवालदार एखादाच असतो. जुगार हा विषय घटनेच्या राज्यसूचीत असल्याने केंद्राला हा कायदा करता येतो का, याचाही निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडे सोपविला गेला आहे. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका त्याने २०२५ मध्येच स्वतःकडे घेतल्या.

घरांतून या विषयावर जी चर्चा चालते, तिच्यात एक गोंधळ नेहमी आढळतो. वडीलधाऱ्यांच्या लेखी मोबाइलवरचे सारेच ‘गेम’ आणि सारेच वाईट. मित्रांसह संघ करून लुटुपुटीची लढाई खेळणारा नातू आणि दार लावून पगार उधळणारा काका, दोघांना एकच बोलणी बसतात. नातवाचे डोळे आणि अभ्यास यांची काळजी रास्त आहे. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा अनेक मातांनी सुटकेचा निःश्वास टाकला, परंतु ती बंदी देशाच्या सुरक्षेच्या कारणासाठी होती आणि पुढच्याच वर्षी तो खेळ भारतीय नावाने परतला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच तास नेमून दिला. अमेरिकेत त्याच्या उलट टोक: हिंसक खेळ मुलांना विकू नयेत असा कॅलिफोर्नियाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने रद्द केला. एकाने पालकाचे काम सरकारकडे दिले, दुसऱ्याने ते बाजारावर सोडले. भारतीय कुटुंबाला यांपैकी कशाचेही अनुकरण करण्याची गरज नाही. आजी-आजोबा ते नातवंडे एका छपराखाली अजून बऱ्याच घरांत राहतात आणि मुलाने किती वेळ खेळावे हे ठरविण्यास तेवढे पुरेसे आहे.

काकाचे प्रकरण निराळे आहे, आणि तेथे वडीलधाऱ्यांची जीभ अडखळते. कारण गणपतीच्या मंडपात रात्रभर जागरणाच्या नावाखाली रंगणारे पैशांचे डाव त्यांनीच चालू दिले, दिवाळीत ‘शकुनापुरते’ म्हणून पत्ते पिसले, लग्नघरी वऱ्हाड झोपल्यावर तीन पत्ती मांडली. बदाम सात आणि मेंढीकोट यांनी कोणाचे घर मोडले नाही. पण त्यांच्या शेजारीच पाच-दहा रुपयांचा डाव बसला तेव्हा कोणी उठून गेले नाही. भीष्म आणि द्रोण तरी काय करीत होते?

ॲप बंद झाले त्या दिवशी अशा कित्येक घरांत प्रथमच हिशेब उघड झाला. खेळासाठी काढलेली झटपट कर्जे, मित्रांकडील उसनवारी, पत्नीच्या न कळत गहाण पडलेले दागिने. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे. पण स्वतःच्या बोटाने, स्वतःच्या संमतीने घालविलेल्या पैशाची तक्रार तेथे कोणत्या सदरात नोंदवावी, हे त्या पत्नीला कोण सांगणार? कंपनीचा व्यवहार तिच्या दृष्टीने ऑगस्ट २०२५ मध्ये संपला. कर्जाचे हप्ते दर महिन्याच्या पाच तारखेला येतच आहेत.