मशीन दिले, सेल कोण देणार?

सरकारी शिबिरात कानाचे मशीन वाटले की फोटो निघतो. पाहुणे येतात, हार घातले जातात, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. सहा महिन्यांनी त्या मशीनचे काय झाले, याची बातमी मात्र कधीच येत नाही. ती आम्ही सांगतो. दाखले, अर्ज, दिव्यांग प्रमाणपत्रे यांच्या कामासाठी आम्ही वस्त्यांमध्ये फिरतो, तेव्हा ही मशीन आम्हाला कपाटात, ट्रंकेत, देव्हाऱ्याशेजारच्या डबीत सापडतात. का वापरत नाही म्हणून विचारले की उत्तरे ठरलेली असतात. सेल संपला. नळी फुटली. शिट्टी वाजते. वायर तुटली. बहुतेक वेळा मशीन बिघडलेले नसतेच. त्याचा एखादा छोटा भाग संपलेला किंवा झिजलेला असतो, आणि तो कुठे व कोणत्या नंबरचा मिळतो हे कोणी सांगितलेले नसते.

यावर साहेब लोकांचे म्हणणे काय? "फुकट मिळाले की लोकांना किंमत नसते." आम्ही विचारतो, डिझेल न देता ट्रॅक्टर वाटला आणि तो दारात उभा राहिला, तर दोष शेतकऱ्याचा की वाटणाऱ्याचा?

आधी सेलचे बघू. कानामागच्या मशीनला लागणारा झिंक-एअर सेल चार आकारांत येतो. 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 नारिंगी आणि 675 निळा. रंग म्हणजे सेलवरच्या स्टिकरचा रंग. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रंग दाखवून दुकानात सेल मागता येतो. पण हे त्याला सांगायचे कोणी? 13 आणि 312 यांची रुंदी सारखीच, 7.9 मिलिमीटर. फरक जाडीत आहे. 13 नंबर 5.4 मिलिमीटर जाड, तर 312 फक्त 3.6. त्यामुळे 312 च्या मशीनमध्ये 13 कोंबला की सेलचे दार मोडते.

त्याहून मोठी फसगत निळ्या 675 ची होते. घड्याळ-खेळण्यांच्या दुकानात मिळणारा एलआर 44 हा बटण सेल अगदी त्याच मापाचा असतो. तो मशीनमध्ये नीट बसतो, थोडा वेळ आवाजही येतो. पण तो अल्कलाइन सेल, त्याची क्षमता 675 च्या तुलनेत फारच कमी. मशीन लवकर बंद पडते आणि माणूस समजतो, मशीनच खराब निघाले. कॉक्लिअर इम्प्लांटला तर साधा 675 सुद्धा पुरत नाही. त्याला जास्त करंट देणारा, इम्प्लांटसाठी म्हणून बनवलेला 675 लागतो.

स्टिकर काढल्यावर हवा आत शिरते आणि सेल चालू होतो. म्हणून स्टिकर काढून एक-दोन मिनिटे थांबावे, मग सेल मशीनमध्ये घालावा. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. 13 नंबरचा सेल दिवसभराच्या वापरात साधारण दहा-बारा दिवस जातो. म्हणजे दोन्ही कानांना मशीन असेल तर वर्षाला साठ-सत्तर सेल लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा खर्च कायमचा लागतो. आणि आपली करव्यवस्था बघा. कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे, पण ते ज्याच्यावर चालते त्या सेलवर 18 टक्के. मशीनला गरज मानायचे आणि सेलला चैन, हा कुठला न्याय?

आता नळी आणि मोल्ड. हुकापासून कानातल्या मोल्डपर्यंत जाणारी नळी काही महिन्यांत पिवळी पडते, कडक होते, आखडते. मग मोल्ड सैल बसतो आणि शिट्टी सुरू होते. जास्त ताकदीच्या मशीनला जाड भिंतीची नळी लागते, सलाईनची नळी कापून लावून भागत नाही. मोल्ड तर त्याच माणसाच्या त्याच कानाचे माप घेऊन बनतो, दुसऱ्याचा चालत नाही. लहान मुलांचा कान वाढत असतो, त्यामुळे त्यांचा मोल्ड वारंवार बदलावा लागतो. मोल्ड जुना झाला, शिट्टी वाजू लागली, वर्गातली पोरे हसली, की मूल मशीन काढून ठेवते. भाषा शिकण्याची वर्षे अशीच निघून जातात. मग शाळा म्हणते, मूल "मंद" आहे. मंद मूल नाही, मंद व्यवस्था आहे.

नव्या पद्धतीच्या मशीनमध्ये रिसीव्हर कानाच्या आत असतो. तिथे चार गोष्टी जुळाव्या लागतात: कंपनी आणि मॉडेल, कान, तारेची लांबी आणि रिसीव्हरची ताकद. उजव्या कानाची खूण लाल, डाव्याची निळी. ताकद कमी पडली तर बोलणे कळत नाही. गरजेपेक्षा जास्त झाली तर उरलेल्या ऐकण्यालाही धोका पोचू शकतो. हा भाग तज्ज्ञाकडूनच बदलून घ्यावा आणि त्यानंतर मशीन पुन्हा सेट करून घ्यावे, हे आम्हाला मान्य आहे.

पण मळ अडवणाऱ्या इवल्याशा गार्डला कसले आले तज्ज्ञपण? फोनॅकचा सेरूशील्ड वेगळा, ओटिकॉनचा प्रोवॅक्स वेगळा, वायडेक्सचा नॅनोकेअर वेगळा. एकाचा दुसऱ्यात बसत नाही. डोमचेही बऱ्याच अंशी तेच. चार्जिंगच्या मशीनचा चार्जर मॉडेलप्रमाणे बदलतो, तो हरवला की चांगले मशीन मुके होते. सोनोव्हा, डिमांट, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी, जीएन आणि स्टार्की या पाच समूहांच्या हातात जगातला बहुतांश बाजार आहे. कंपन्या म्हणतात, दर्जासाठी हे वेगळेपण लागते. मग सेल सगळ्यांचे एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे कसे झाले? जिथे ठरवले तिथे जमले. जिथे गिऱ्हाईक बांधून ठेवण्यात फायदा आहे, तिथे जमत नाही म्हणतात.

केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पोर्टल सुरू केले. त्यासाठी शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. फ्रिजच्या मालकाला सुटा भाग मिळावा याची चिंता झाली. ऐकण्यासाठी यंत्रावर अवलंबून असलेल्या माणसाची आठवण कोणाला झाली नाही.

हा प्रश्न आमच्या चळवळीचा का, असे काही मित्र विचारतात. कान जातात कुणाचे, ते बघा. खडी क्रशरवर, दगडखाणीत, भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उभे कोण राहते? लग्नात-मिरवणुकीत हलगी आणि बँड वाजवून दुसऱ्यांचा आनंद साजरा कोण करते? गोंगाटाने येणारा बहिरेपणा कामगार भरपाईच्या 1923 च्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. पण असंघटित कामगाराला ती भरपाई मिळवून द्यायला कोण येते? कष्टाने कान गेले आणि सेलअभावी मशीनही गेले, असा हा दुहेरी मार आहे.

कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतला फरक आपल्याला नवा नाही. 1923 मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. तरी पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळ भरावी लागली. ठरावाने तहान भागत नाही. एडिप योजना 1981 पासून आहे, दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्याच्या 24 व्या कलमात साधने देण्याची तरतूद आहे. हे सगळे ठराव झाले. ओंजळीत पाणी यायचे बाकी आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक मशीनसोबत मराठीत एक कार्ड द्या. त्यावर कंपनी, मॉडेल, सेलचा नंबर व रंग, नळी किंवा डोमचे माप, रिसीव्हरची बाजू-लांबी-ताकद लिहा. एडिपमध्ये त्याच साधनासाठी पुन्हा मदत मिळायला प्रौढांना तीन वर्षे थांबावे लागते, तर निविदेतच त्या तीन वर्षांचे सेल, नळ्या आणि मोल्ड धरा. सेल तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठेवा. सेलवरचा जीएसटी काढा. दुरुस्तीच्या हक्कात दिव्यांगांची साधने घ्या.

सरकार हे करेपर्यंत आपण हात बांधून बसायचे का? नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर नाही मिळाले तर माहितीचा अर्ज टाका. प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्याने घरोघरची बंद मशीन मोजावीत, कोणाला कोणत्या नंबरचा सेल लागतो याची यादी करावी आणि ती यादी ग्रामसेवकाच्या टेबलावर ठेवावी. ज्याला सभेतले ऐकू येत नाही, त्याच्यासाठी "शिका" आणि "संघटित व्हा" हे दोन्ही शब्द पोकळ राहतात. त्याच्या कानापर्यंत आवाज पोचवणे हे चळवळीचेच काम आहे.

जय भीम!