वाटाण्याचा अंकुर आणि हिशेबाची वही

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरांत नांदत नाहींत, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु चित्रपटाचा धंदाच असा, कीं त्यांत दोघींस एकत्र नांदविल्यावांचून गत्यंतर नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्या घरांत शब्द कोणाचा चालावा?

दादासाहेब फाळके यांचें चरित्र या बाबतींत बोधप्रद आहे. 'राजा हरिश्चंद्र' हें त्यांचें चित्र मे १९१३ मध्यें मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत झळकलें. तत्पूर्वीं भांडवल देणाऱ्याची खातरी पटावी म्हणून त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, रोपाच्या वाढीचें रोज थोडथोडें चित्रण केलें आणि पडद्यावर कांहीं क्षणांत रोप उभें करून दाखविलें. विम्याची पॉलिसी गहाण पडली. सरस्वतीबाईंचे दागिनेहि गेले. त्या माउलीनें मंडळींचा स्वयंपाक सांभाळून कच्च्या फिल्मला भोंकें पाडण्याचें कामहि केलें. हें घरचें भांडवल होतें. त्याला वाट पाहतां येत होती.

पुढें कीर्ति झाली आणि १९१८ मध्यें भागीदारांच्या पैशावर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. थोड्याच काळांत मतभेद झाले. दादासाहेब कंपनी सोडून काशीस गेले, तेथें 'रंगभूमि' नाटक लिहिलें आणि अखेरीस पुन्हां त्याच कंपनींत परतले. १९४४ मध्यें नाशिक येथें ते निवर्तले. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो १९६९ सालीं.

भागीदारांस आम्ही दूषण देत नाहीं. ज्याचा पैसा गुंतला त्यास चिंता असावयाचीच. आणि उधळ्या कलावंताच्या हातीं तिजोरीची किल्ली दिल्यास दुकान बसतें, हेंहि खरें. परंतु पडद्यावर क्षणांत वाढलेलें रोप पाहणारा धनिक कुंडींतले दिवस विसरतो, हें खरें दुखणें आहे. आज तर पहिल्या शनिवार-रविवारच्या गल्ल्यावरून चित्राचें भवितव्य ठरतें. मग जोखमीचा विषय टाळून कालचेंच यशस्वी कथानक नव्या नांवानें पुढें येतें, यांत नवल तें काय?

या व्यवहारांत तिसरा पक्ष आपण प्रेक्षक. धनिकाची वही भरते ती आपल्याच खिशांतून. म्हणून वाचकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं वर्षांतून एकदां तरी, फारसा गाजावाजा न झालेलें परंतु कसोशीनें काढलेलें एखादें चित्र मुलाबाळांसह पाहावें, आणि तेंहि पहिल्याच आठवड्यांत. कारण उशिरां गेल्यास तें उतरलेलें असतें. न आवडल्यास घरीं येऊन खुशाल टीका करावी. मात्र तिकीट आधीं काढावें.