पडद्याआड राहिलेला मुलगा

चित्रपट संपला म्हणजे कथा संपते काय? दिवे लागतात, खुर्च्या वाजतात, माणसे दाराकडे वळतात. परंतु नायक आपल्या मनात चालतच राहतो. त्याचे पुढे काय झाले, त्याला मुलेबाळे झाली का, ती कोणावर गेली, हे प्रश्न उरतात. आजीची गोष्ट संपल्यावर "मग पुढं?" असे विचारणारे पोर आपल्या प्रत्येकात दडलेले असते. या "मग पुढं?"चे उत्तर देण्यासाठी अमेरिकेत २०१३ साली दूरचित्रवाणीचा एक भाग तयार झाला. लेखक, दिग्दर्शक, नट सारे नावाजलेले होते. तरी त्याचे प्रक्षेपण कधी झालेच नाही.

न पाहिलेल्या गोष्टीवर मत कसले देतोस, असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. परंतु माझे मत त्या भागाच्या गुणदोषांवर नाही. तो ज्या रीतीने तोलला गेला, त्या रीतीवर आहे.

मूळ चित्रपट 'बेव्हर्ली हिल्स कॉप'. तो डिसेंबर १९८४ मध्ये आला. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे, कामगारांचे शहर. तेथला पोलीस ॲक्सल फोली आपल्या मित्राच्या खुनाचा माग काढत लॉस एंजेलिसजवळच्या बेव्हर्ली हिल्स या श्रीमंत वस्तीत येतो. अंगात साधे कपडे, बुडाखाली जुनाट गाडी आणि तोंडात न थांबणारी जीभ! ज्या दारातून त्याला आत येऊ द्यायचे नाही, त्याच दारातून तो हसत आत जातो. एडी मर्फी यांनी ही भूमिका अशी रंगवली की १९८७ आणि १९९४ साली पुढचे दोन चित्रपट निघाले. माझ्यासारख्याला ॲक्सल का आवडावा, हे वेगळे सांगायला नको. जेथे आपली कोणी वाट पाहत नाही तेथे ताठ मानेने कसे शिरावे, हे तो दाखवतो.

आता २०१३ सालाकडे वळू. अमेरिकेत मालिका मंजूर होण्याआधी नमुन्याचा एक भाग काढतात. त्याला 'पायलट' म्हणतात. वाहिनीचे अधिकारी तो पाहतात, निवडक प्रेक्षकांना दाखवतात, आणि मे महिन्याच्या सुमारास, जाहिरातदारांपुढे नव्या मालिका मांडण्याच्या वेळी, काय घ्यायचे आणि काय टाकायचे ते ठरवतात. बहुतेक नमुने टाकलेच जातात. सी.बी.एस. या वाहिनीसाठी 'द शील्ड'चे निर्माते शॉन रायन यांनी असा नमुना लिहिला. 'मेन इन ब्लॅक'चे दिग्दर्शक बॅरी सोननफेल्ड यांनी तो दिग्दर्शित केला. नायक होता ॲक्सलचा मुलगा ॲरन फोली. तोही पोलीस, तोही बेव्हर्ली हिल्समध्ये. ब्रँडन टी. जॅक्सन या तरुण नटाने ॲरनची भूमिका केली, आणि खुद्द मर्फी त्या भागात ॲक्सल म्हणून थोडा वेळ आले.

सी.बी.एस.ने मालिका घेतली नाही. नंतर मर्फी यांनीच मुलाखतीत त्याचे कारण सांगितले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चाचणीच्या खेळात ॲक्सल पडद्यावर आला की प्रेक्षक पसंतीचे बटण भराभर वर फिरवीत. साहजिकच वाहिनीला वाटले की बाप वरचेवर येत राहावा. मर्फी मात्र तेवढ्या एका भागापुरतेच तयार होते. बाप येणार नाही म्हटल्यावर मुलाचा दरवाजा बंद झाला!

माझा आक्षेप येथे आहे. तीस वर्षे लोकांच्या मनात घर करून बसलेला बाप आणि काल जन्मलेला मुलगा एका चौकटीत उभे केले, आणि मग विचारले की तुम्हाला कोण आवडतो? हा काय प्रश्न झाला? बटण फिरवणारा प्रेक्षक ॲरनला नापास करीत नव्हता. तो आपल्या तरुणपणीच्या ओळखीच्या माणसाला हाक मारीत होता. वाहिनीने त्या हाकेलाच मुलाचा निकाल समजले.

वस्तुतः मुलाची कथा बापाच्या कथेहून निराळीच असणार होती. ॲक्सलच्या मागे कोणी नव्हते म्हणून त्याचे धाडस गंमतीचे वाटले. ॲरनच्या मागे ॲक्सल होता. ज्याचे आडनाव उच्चारताच लोक हसू लागतात, त्या मुलाने आपले असे काय करायचे? हा प्रश्न एका भागात सुटणारा नव्हे. त्याला वेळ हवा होता. किंबहुना त्याला बापाची अनुपस्थितीच हवी होती, आणि नेमकी तीच वाहिनीला परवडेना.

वाचकहो, तुम्ही म्हणाल की डेट्रॉइटच्या पोलिसाच्या पोराशी तुझे काय नाते? सांगतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या मागे कोणी ॲक्सल नाही. तरी प्रत्येक अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना असतो, आणि तोंडी परीक्षेला वा कुठे कामासाठी भेटीला गेले की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला: "वडील काय करतात?" मोलमजुरी असे उत्तर दिले की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलते. कधी दया, कधी नुसतीच घाई. ॲरनला बापाच्या नावाने झाकले, आम्हाला बापाच्या नाव नसण्याने झाकतात. दोन्हीकडे मोजपट्टी बापाचीच. वास्तविक माझे वडील मला कॉलेजात सोडायला आले तर फाटकाबाहेरच थांबतात. मुलाच्या चौकटीत आपण शिरू नये, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: पैसा कंपनीचा, माल कंपनीचा, दाखवायचा की नाही हे तीच ठरवणार. मालिका चालवायची की नाही हा तिचा अधिकार मलाही मान्य आहे. तोट्याचा धंदा कोणी कोणाच्या गळ्यात मारू नये. परंतु मालिका न चालवणे वेगळे आणि तयार झालेला भाग कुलुपात ठेवणे वेगळे. कोएन बंधूंच्या 'फार्गो' या १९९६ सालच्या चित्रपटाची कथा पुढे नेणारा असाच एक नमुना १९९७ मध्ये निघाला होता. कॅथी बेट्स यांनी तो दिग्दर्शित केला, ईडी फाल्को त्यात होत्या. तोही नाकारला गेला. पण २००३ साली 'ट्रायो' नावाच्या छोट्या वाहिनीने तो दाखवला. आकाश कोसळले नाही. उलट पुढे २०१४ साली 'फार्गो' नावाचीच निराळी मालिका आली आणि लोकांनी ती उचलून धरली.

आपल्याकडेही हे घडले आहे. 'बाहुबली'तल्या शिवगामीच्या तरुणपणाची मालिका नेटफ्लिक्सने २०१८ साली जाहीर केली. ती पुढची नव्हे, मागची कथा. आपल्या मृणाल ठाकूर हिची शिवगामीसाठी निवड झाली होती. चित्रण होऊनही ती मालिका प्रेक्षकांपर्यंत आली नाही. राबणारे हात, रंगवलेले चेहरे, शिवलेले कपडे, सारे पेटीत!

आणि ॲरनचे काय झाले? २०२४ च्या जुलैमध्ये 'बेव्हर्ली हिल्स कॉप'चा चौथा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. त्यात त्रेसष्ट वर्षांचे मर्फी पुन्हा ॲक्सल झाले. यात ॲक्सलला मूल आहे. पण मुलगा नव्हे, जेन नावाची वकील मुलगी. ॲरनचा पत्ताच नाही. जेनबद्दल मला आनंदच आहे. मात्र तिलाही जागा मिळाली ती बापाच्या नावाच्या चित्रपटातच.

आम्हा विद्यार्थ्यांच्या परीक्षेवर पुष्कळ टीका होते, आणि ती बरीचशी खरी आहे. पण तिच्यात दोन गोष्टी फार चांगल्या आहेत. एक, उत्तरपत्रिकेवर परीक्षकाला नाव दिसत नाही. बैठक क्रमांक असतो. तो कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी, हे तपासणाऱ्याला कळत नाही. दुसरी, आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. नापास झालेल्यालाही आपण कुठे चुकलो ते पाहता येते.

ॲरन फोलीला यातले काहीच मिळाले नाही. त्याच्या पेपरावर बापाचे नाव ठळक अक्षरांत होते, आणि तो पेपर अजून कोणाला दाखवलेला नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच की, तो भाग लोकांसमोर ठेवा. वाईट निघाला तर आम्ही वाईट म्हणू. पण ते ॲरनला पाहून म्हणू.

— द्वितीय वर्ष कला